डिफेन्स टेक्नॉलॉजीसाठी सरकारी ग्रँट कशी मागायची: पुण्यातल्या नवख्यांसाठी

पुण्यात डिफेन्ससाठी काहीतरी बनवायचंय असं म्हणणारी मंडळी खूप भेटतात, आणि त्यात नवल काहीच नाही. पाषाणला एआरडीई आणि एचईएमआरएल, दिघीला आर अँड डीई इंजिनिअर्स या डीआरडीओच्या (सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या) लॅब, गिरीनगरला डायट हे डिफेन्सचं विद्यापीठ, खडकीला १८६९ पासूनची ॲम्युनिशन फॅक्टरी, दापोडीला सीएमई हे लष्कराचं इंजिनिअरिंग कॉलेज, कॅम्पात सदर्न कमांड, आणि हवं ते मशीनिंग करून द्यायला भोसरी-चाकण. एवढं सगळं बसच्या एका पासात फिरता येईल इतक्या अंतरात दुसऱ्या फार कमी शहरांत आहे. तरी अर्जाची वेळ आली की आपली पोरं अडतात, कुणी कन्सल्टंटला पैसे देऊन मोकळं होतं तर कुणी "सरकारी काम आहे, आपल्याला कुठे मिळणार" म्हणून सोडून देतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, अगदी पहिल्यापासून.

आधी माझं मत सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. बहुतेक कच्च्या अर्जांमध्ये टेक्नॉलॉजी ठीकठाक असते, ती वस्तू हातात घेऊन वापरणारा फौजी मात्र त्यात कुठेच दिसत नाही. तो कुठे उभा आहे, किती थंडीत, हातमोजे घातलेत का, पाठीवर आधीच किती किलो वजन आहे, चार्जिंग कुठून करणार, हे अर्ज वाचणाऱ्याला पहिल्या पानावर दिसलं पाहिजे.

कुठली योजना आपली?

नवख्याला मुख्यतः दोन दारं आहेत, आयडेक्स आणि टीडीएफ.

आयडेक्स ही संरक्षण मंत्रालयाची नवकल्पनांसाठीची योजना, एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईच्या डेफएक्स्पो प्रदर्शनात सुरू झाली. ती चालवते डिफेन्स इनोव्हेशन ऑर्गनायझेशन, ही एचएएल आणि बीईएल या सरकारी कंपन्यांनी मिळून उभी केलेली सेक्शन ८, म्हणजे नफ्यासाठी नसलेली, कंपनी आहे. यात लष्कर, नौदल, हवाई दल, कोस्ट गार्ड वगैरे आपापल्या अडचणी प्रॉब्लेम स्टेटमेंट म्हणून देतात, त्या डिस्क म्हणजे डिफेन्स इंडिया स्टार्टअप चॅलेंजच्या फेऱ्यांमध्ये जाहीर होतात, आणि आपण त्यातल्या एखाद्याला उत्तर म्हणून अर्ज करतो. साध्या स्पार्क ग्रँटची मर्यादा १.५ कोटी, आयडेक्स प्राइमची १० कोटी, आणि २०२४ मध्ये आलेल्या अदिती योजनेत २५ कोटींपर्यंत. आकडे बघून लगेच अदितीकडे धावू नका, ती मोठ्या डीप-टेक, म्हणजे खोल संशोधनावर उभ्या कामांसाठी आहे, आणि आयडेक्समध्ये ग्रँट साधारण निम्म्या खर्चापुरतीच मिळते, उरलेला निम्मा तुमचा. म्हणजे १० कोटींची ग्रँट हवी असेल तर तुमच्या बाजूने १० कोटी दाखवायची तयारी लागते, हे पहिल्या दिवशी समजून घ्या.

याशिवाय आयडेक्सचं ओपन चॅलेंज असतं. तुमच्याकडे काहीतरी तयार होत आलंय, पण कुठल्याच प्रॉब्लेम स्टेटमेंटमध्ये ते बसत नाही, तर तिथे आपण होऊन प्रस्ताव ठेवता येतो.

टीडीएफ म्हणजे डीआरडीओचा टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंड. यात प्रोजेक्टची मर्यादा २०२२ मध्ये १० कोटींवरून ५० कोटींवर नेली, आणि सरकार खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत देतं. ऐकायला फारच गोड वाटतं, पण इथे गरज सैन्यदलांनी किंवा डीआरडीओने ठरवलेली असते, आपली आवडती कल्पना घेऊन जाता येत नाही. मुदत जास्तीत जास्त ४ वर्षं. परदेशी गुंतवणूक ४९ टक्क्यांच्या वर असेल तर कंपनी बाद. कॉलेज किंवा रिसर्च संस्थेला सोबत घेता येतं, पण त्यांचं काम एकूणाच्या ४० टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे. आणि जे आयपी (पेटंट, डिझाइन वगैरेंचे हक्क) तयार होईल ते डीआरडीओ आणि तुमच्या नावावर संयुक्त असतं, हे पार्टनरांना आणि गुंतवणूकदारांना आधीच सांगून ठेवा, नंतर त्यावरून घरात भांडणं होतात.

अजून विद्यार्थी असाल किंवा हातात नुसती कल्पना असेल तर डीआरडीओची डेअर टू ड्रीम स्पर्धा बघा, व्यक्तीला ५ लाखांपर्यंत आणि स्टार्टअपला १० लाखांपर्यंत बक्षीस असतं. आणि पहिला मॉडेल उभा करायलाच पैसे नसतील तर डिफेन्सच्या मागे न लागता आधी स्टार्टअप इंडिया सीड फंड चालू आहे का बघा, तिथे प्रूफ ऑफ कन्सेप्टसाठी, म्हणजे कल्पना चालते हे दाखवायला, इन्क्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना आधार देणारी संस्था) २० लाखांपर्यंत ग्रँट असते. माझा सल्ला असा की टेबलावर चालणारं काहीतरी हातात असल्याशिवाय आयडेक्सला जाऊच नये. नियम म्हणून नाही सांगत, पण समोर बसलेल्या अधिकाऱ्याला नुसती स्लाइड आणि चालणारी वस्तू यातला फरक फार लवकर कळतो.

मर्यादा, मुदती, अटी वेळोवेळी बदलतात, त्यामुळे अर्ज करायच्या आठवड्यात पोर्टलवरची ताजी गाइडलाइन डाउनलोड करून पूर्ण वाचा. पूर्ण म्हणजे शेवटच्या ॲनेक्शरपर्यंत.

कागद आधी गोळा करा

प्रॉब्लेम स्टेटमेंट आल्यावर कागद जमवायला बसलात तर वेळ कागदातच जातो आणि टेक्निकल भाग शेवटच्या रात्री लिहिला जातो. म्हणून हे आजच सुरू करा.

कंपनी कुठल्या प्रकारची आहे ते आधी बघा. डीपीआयआयटीची (केंद्राचा उद्योग विभाग) स्टार्टअप मान्यता प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी आणि रजिस्टर्ड पार्टनरशिपला मिळते, प्रोप्रायटरशिपला मिळत नाही. भोसरीत वीस-वीस वर्षं उत्तम काम करणारे कितीतरी लोक प्रोप्रायटर आहेत, त्यांनी एकतर कंपनी करावी किंवा एमएसएमई (लघु-मध्यम उद्योग) म्हणून कुठे बसतो ते त्या त्या योजनेच्या अटीत तपासावं. आयडेक्समध्ये स्टार्टअप आणि एमएसएमईसोबत एकटे इनोव्हेटरही चालतात. उद्यम रजिस्ट्रेशन (एमएसएमईची सरकारी नोंदणी) आणि स्टार्टअप मान्यता दोन्ही ऑनलाइन आणि फुकट आहेत. यासाठी हजारो रुपये मागणारे एजंट आहेत, त्यांना एक पैसा देऊ नका, आधार, पॅन आणि कंपनीचे कागद घेऊन एका दुपारी स्वतः बसा.

बाकी मग ऑडिटेड बॅलन्स शीट, आयटी रिटर्न, जीएसटी, संचालकांची माहिती, शेअरहोल्डिंग पॅटर्न. शेअरहोल्डिंग विशेष जपून ठेवा. अमेरिकेतल्या चुलतभावाने प्रेमाने घातलेले पैसे सुद्धा परदेशी गुंतवणूक म्हणून मोजले जाऊ शकतात, तेव्हा सीएला आधी विचारा आणि त्याच्याकडून लेखी घ्या.

अडचण शोधा, आणि ती नीट समजून घ्या

आयडेक्सचं पोर्टल तर बघालच, पण ते एकटं पुरत नाही. आर्मी डिझाइन ब्युरो लष्कराच्या अडचणींचं एक कंपेंडियम, म्हणजे संग्रह, काढतं, ते वाचा. नौदलाची २०२० साली सुरू झालेली एनआयआयओ ही नवकल्पना आणि स्वदेशीकरणाची संस्था आहे. २०२० मध्येच सृजन पोर्टल आलं, त्यावर परदेशातून येणाऱ्या आणि इथे बनवायच्या वस्तूंची यादी असते, त्यातून आपल्या हाताशी येणारं काय आहे ते कळतं. आणि जी गोष्ट एखाद्या डीआरडीओ लॅबने आधीच बनवलीय ती पुन्हा शोधत बसण्यापेक्षा टेक्नॉलॉजी ट्रान्सफर घेता येते का बघा, त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रॉब्लेम स्टेटमेंट हे बऱ्याचदा चार-पाच ओळींचं असतं. ते छापून घ्या, भिंतीवर लावा, आणि प्रत्येक शब्दाखाली प्रश्न लिहा. समजा "अतिथंड भागातल्या पोस्टवर चालणारा हलका बॅटरी पॅक" असं काही आलं. (हे उदाहरण मी समजावण्यासाठी घेतलंय, पुढेही हेच वापरतो.) अतिथंड म्हणजे किती, उणे २० की उणे ४०? हलका म्हणजे आत्ता जो पॅक वापरतात त्यापेक्षा किती हलका? पोस्टवर चार्जिंगला जनरेटर आहे की सोलर? लिथियम-आयन सेलची कपॅसिटी थंडीत उतरते हे सगळ्यांना माहीत असतं, पण शून्याखाली तो नेहमीसारखा चार्ज केला तर आत लिथियमचा थर साचतो आणि सेल कायमचा खराब होतो, कधी धोकादायकही होतो. म्हणजे खरी अडचण डिस्चार्जइतकीच चार्जिंगची आहे, आणि चार्ज करण्याआधी पॅक गरम करायला जी ऊर्जा लागणार ती कुठून येणार हा खरा प्रश्न आहे. हे जर तुमच्या अर्जात पहिल्या पानावर असेल तर वाचणारा अधिकारी सरसावून बसतो, कारण याला आपली अडचण कळलीय हे त्याला दिसतं.

इथे पुण्याचा एक मोठा फायदा आहे जो लोक वापरत नाहीत. साळुंके विहार, वानवडी, कोंढवा भागात निवृत्त फौजी अधिकारी आणि जवान मोठ्या संख्येने राहतात. ओळख काढा, रीतसर वेळ घ्या, चहाला बसा आणि ऐका. "सर, थंडीत रेडिओची बॅटरी बदलायची तर हातमोजे काढावे लागायचे का?" असा साधा प्रश्न विचारा. कनेक्टरचा आकार, लॉक उघडायला लागणारा जोर, अंधारात उलटसुलट कसं ओळखायचं, या गोष्टी तिथे कळतात, इंटरनेटवर नाही. मात्र गोपनीय काही विचारू नका. युनिट कुठे आहे, किती आहेत, सध्याच्या उपकरणात आत काय आहे, हा तुमचा विषयच नाही, आणि ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट हा खरा कायदा आहे. लॅबमध्ये जाताना फोन गेटवर जमा करायला लावतील, मुकाट्याने द्या.

आता लिहायला बसा

पोर्टलवर लॉगिन करून फॉर्म भरायचा, सोबत प्रेझेंटेशन आणि कागद जोडायचे. मजकूर आधी बाहेर लिहून घ्या, मग पेस्ट करा, शेवटच्या दिवशी पोर्टल हळू चालतं हे गृहीत धरून दोन दिवस आधी सबमिट करा.

पहिलं लिहायचं ते उत्तर: प्रॉब्लेम स्टेटमेंटच्या प्रत्येक मुद्द्यासमोर तुमची वस्तू काय करणार ते एका तक्त्यात. जमणार नसेल तिथे "नाही, कारण असं" लिहा. सगळीकडे "हो" लिहिलेला तक्ता वाचणाऱ्याला खोटा वाटतो, आणि ट्रायलला तो उघडा पडतोच.

मग आज तुम्ही कुठे आहात. टीआरएल म्हणजे टेक्नॉलॉजी किती तयार आहे याची १ ते ९ पट्टी. लॅबमध्ये चालतंय तर ४ लिहा, ७ लिहून मोठेपणा मिळत नाही, उलट पुरावा मागतात. थंडी-उष्णता तपासायच्या चेंबरमधल्या टेस्टचा ग्राफ, फोटो, दोन मिनिटांचा व्हिडिओ, हे दहा विशेषणांपेक्षा जास्त काम करतं.

मग माइलस्टोन, म्हणजे कामाचे तपासता येतील असे टप्पे. इथे सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण पैसे हप्त्यांनी येतात आणि माइलस्टोन तपासला गेल्यावरच पुढचा हप्ता सुटतो. "बॅटरी पॅकचं डेव्हलपमेंट पूर्ण" हा माइलस्टोन नव्हे, कारण पूर्ण झालं की नाही यावर दोन माणसं महिनाभर वाद घालू शकतात. असं लिहा: "पॅकचे ३ नग, चेंबरमध्ये उणे ३० अंशाला १२ तास ठेवल्यानंतर ठरलेल्या लोडवर किमान ७० टक्के कपॅसिटी, एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबच्या रिपोर्टसह." आता कुणीही येऊन रिपोर्ट बघून हो किंवा नाही म्हणू शकतो आणि तुमचा हप्ता कुणाच्या मूडवर राहत नाही. आणि पहिला माइलस्टोन हाताशी येणारा ठेवा, सहा महिने पैसेच न आलेली छोटी कंपनी पगारातच मरते.

बजेटचं उदाहरण देतो, याच पॅकचं, १८ महिन्यांचं, एकूण १ कोटी ६० लाख धरून. चार इंजिनिअरांचे पगार ६२ लाख, सेल आणि इलेक्ट्रॉनिक्स ३४ लाख, एन्क्लोजर आणि टूलिंग १८ लाख, टेस्टिंग २४ लाख, प्रवास आणि ट्रायल १० लाख, किरकोळ माल आणि वरखर्च १२ लाख. यातले ८० लाख ग्रँट, ८० लाख तुमचे. टेस्टिंगला २४ लाख बघून डोळे विस्फारतील, पण डिफेन्सच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूला जेएसएस ५५५५५ प्रमाणे हादरे, उष्णता, दमटपणा, धूळ अशा पर्यावरणीय चाचण्या आणि मिल-एसटीडी-४६१ प्रमाणे ईएमआय-ईएमसी (विद्युतचुंबकीय अडथळ्याच्या) चाचण्या लागतात, पहिल्या फटक्यात पास होणं दुर्मीळ, तेव्हा दोनदा चाचणीचे पैसे धरा. चेंबरचा स्लॉट पण लवकर मिळत नाही, तो टाइमलाइनमध्ये धरा. प्रत्येक मोठ्या आकड्यामागे कोटेशन ठेवा, भोसरीच्या मशीनिंगवाल्याकडून सुद्धा लेटरहेडवर घ्या, त्याला व्हॉट्सॲपवर रेट टाकायची सवय असते, प्रेमाने समजवा.

तुमचे ८० लाख कुठून येणार हे स्पष्ट लिहा, बँकेतली शिल्लक, मंजूर कर्ज, गुंतवणूकदाराचं पत्र, काय ते. "नंतर उभे करू" चालत नाही.

सुटे भाग कुठले, हा आता फार कडक विषय झालाय. २०२५ च्या सुरुवातीला लष्करासाठीच्या ४०० ड्रोनची कंत्राटं चिनी भाग सापडल्यामुळे रद्द झाली, ही बातमी सगळ्यांनी वाचलीय. म्हणून बिल ऑफ मटेरियलमध्ये (सगळ्या सुट्या भागांची यादी) प्रत्येक भागाचा देश, बनवणारी कंपनी, विकणारा आणि पर्यायी भाग असे चार रकाने ठेवा. तपकीर गल्लीत जाऊन कनेक्टर आणि वायर आणणं प्रोटोटाइपला एकदम ठीक आहे, आपण सगळे तेच करतो, पण त्या भागाला ट्रेसेबिलिटी, म्हणजे तो मूळ कुठून आला याचा माग, नसतो, म्हणून ट्रायलच्या नगात तो घालायचा नाही, अधिकृत डिस्ट्रिब्युटरचं बिल आणि सर्टिफिकेट असलेलाच घालायचा. आणि चिनी लेबल काढून "मेड इन इंडिया" चिकटवायचा विचार कुणी सुचवला तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा. तो पॅक कुणाच्या तरी पोराच्या पाठीवर जाणार आहे.

सबमिट केल्यावर

आधी छाननी होते, त्यात पार्टनर इन्क्युबेटरांचा सहभाग असतो, मग निवडलेल्यांना हाय पॉवर्ड सिलेक्शन कमिटीसमोर प्रेझेंटेशन. समोर वापरणाऱ्या दलाचे अधिकारी असतात. वस्तू घेऊन जा. प्रश्न विचारतील तेव्हा ज्याने ती वस्तू बनवली त्या इंजिनिअरला बोलू द्या, डायरेक्टरने सगळं बोलायची गरज नाही. हिंदी-इंग्रजी मिसळून बोललात तरी चालतं, आकडे मात्र तोंडपाठ हवेत: वजन, वेळ, किंमत, किती तापमानाला किती टक्के.

प्रेझेंटेशनच्या आधी दोन-तीन रंगीत तालमी करा. सेनापती बापट रोडवर मराठा चेंबर ही उद्योजकांची संस्था आहे, एनसीएलच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे, सीओईपीत भाऊ इन्स्टिट्यूट आहे, अशा ठिकाणी स्टार्टअपची माणसं आणि मेंटॉर भेटतात. आधी निवड झालेली कंपनी गाठून तासभर बोललात तर महिनाभराचा गोंधळ वाचतो. पुण्याची सागर डिफेन्स आयडेक्समधूनच पुढे आली, तिची मातंगी ही बिनमाणसाची बोट २०२४ मध्ये मुंबईहून थूथुकुडीकडे निघाली, म्हणजे आपल्या गावातून हे होतं, आणि समुद्र नसलेल्या गावातून बोट होते तर बाकीचं का नाही होणार.

निवड झाली की लगेच पैसे येत नाहीत. माइलस्टोन, बजेट, चाचण्यांच्या अटी यावर चर्चा होते, मग करार. करार वकिलाला दाखवा, त्यात आयपी, उशीर झाला तर काय, आणि प्रोजेक्ट मध्येच थांबला तर पैसे परत करायचे का, ही तीन कलमं स्वतः वाचा. ग्रँटसाठी वेगळं बँक खातं उघडा आणि त्यातून घरभाडं, गाडीचा हप्ता, दुसऱ्या प्रोजेक्टचा माल, काहीही जाऊ देऊ नका. युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, सीएकडून घ्यावं लागतं, तेव्हा प्रत्येक बिल त्याच दिवशी स्कॅन करून फोल्डरमध्ये. ग्रँटवरच्या टॅक्सचं सीएला आधीच विचारून ठेवा.

आणि ग्रँट म्हणजे ऑर्डर नव्हे. प्रोटोटाइप झाला की दलाची ट्रायल, ती जमली की खरेदीची प्रक्रिया, ती संरक्षण मंत्रालयाच्या डिफेन्स ॲक्विझिशन प्रोसिजरमधल्या रस्त्याने जाते, आणि त्याला वेळ लागतो. तोपर्यंत कंपनी जगली पाहिजे. म्हणून त्याच टेक्नॉलॉजीचं सिव्हिल गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून शोधा. थंडीत चालणारा पॅक गिर्यारोहकांना लागतो, हिमाचल-लडाखच्या टेलिकॉम टॉवरला लागतो. वस्तू बाहेरदेशी विकायचा विचार असेल तर ती डीजीएफटीच्या (केंद्राचं परदेशी व्यापाराचं कार्यालय) स्कोमेट यादीत, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंत, येते का बघा, आणि बनवायलाच इंडस्ट्रियल लायसन लागतं का तेही आधी तपासा, शस्त्र किंवा दारूगोळ्याच्या जवळ जाणारं काही असेल तर नक्की.

नाही झालं तर नोडल ऑफिसर किंवा इन्क्युबेटरला नम्रपणे मेल टाका की कुठे कमी पडलो. उत्तर येईलच असं नाही, आलं तर सोनं आहे. तोच अर्ज जसाच्या तसा दुसऱ्या प्रॉब्लेम स्टेटमेंटला चिकटवू नका, फौजी बदलला की अडचण बदलते, पोस्टवरचा पॅक आणि पाणबुडीतला पॅक यांचं काहीच सारखं नसतं. तक्ता नव्याने भरा, बिल ऑफ मटेरियल अपडेट करा, दरम्यान झालेल्या चाचण्यांचे रिपोर्ट जोडा आणि ओपन चॅलेंज किंवा पुढची डिस्क उघडली की पहिल्याच आठवड्यात भरा.